लखनौचे खाणे : स्थळ आणि समय

लखनौ हे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते बहुधा संगीताच्या संदर्भात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. प्रत्येक रागाला त्याचा प्रहर असतो, हे शास्त्र त्यांनी आयुष्यभर मांडले. परंतु त्या शहरात प्रहर केवळ रागांनाच नाहीत, पदार्थांनाही आहेत. हे सरकारी कामानिमित्त तेथे गेलो असताना मला कळले, आणि तेही उपाशी राहून.

थंडीचे दिवस होते. चौक भागातील गोल दरवाजापाशी मिळणारी मख्खन मलाई खावी, म्हणून मी निघालो. दूध रात्री उघड्या आकाशाखाली दंवात ठेवायचे, पहाटे घुसळायचे आणि वर येणारा हलका फेस केशर घालून विकायचा, अशी तिची रीत. ऊन चढले की ती विरते. मी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. विक्रेता रिकामी परात पुसत होता. ‘‘साहेब, आपल्याला उशीर झाला,’’ एवढेच तो अदबीने म्हणाला.

या उत्तरामागे मोठी परंपरा आहे. नवाब आसफउद्दौलाने १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनौ’ या ग्रंथात त्याच्या एका आचाऱ्याची आख्यायिका दिली आहे. हा आचारी केवळ उडदाची डाळ शिजवी आणि त्यासाठी पाचशे रुपये वेतन घेई. त्याची अट अशी, की डाळ तयार होताच नवाबाने जेवावयास यावे. एके दिवशी नवाब गप्पांत रमला. वारंवार वर्दी देऊनही तो उठेना, तेव्हा आचाऱ्याने डाळ एका वठलेल्या झाडाच्या मुळाशी ओतली आणि तो चालता झाला. पुढे त्या झाडाला पालवी फुटली म्हणतात! पालवीचे सोडून द्या. पाककर्त्याचा स्वाभिमान मात्र खरा वाटतो.

१८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले. वाजिद अली शाह कलकत्त्याजवळील मटियाबुर्जला गेला. राजाश्रय सरला, तरी चव उरली, ती गल्ल्यांतून. अकबरी दरवाजापाशी रहीमच्या दुकानी निहारी आणि कुलचा मिळतो. ‘निहारी’ हा शब्दच सकाळशी जोडलेला आहे. मंद आचेवर रात्रभर शिजलेले ते मांस सकाळीच खावे. जवळच १९०५ पासूनचे टुंडे कबाबी आहे. संस्थापक हाजी मुराद अली एका हाताने थोटे होते, म्हणून हे नाव. जिभेवर विरघळणाऱ्या त्यांच्या गलावटी कबाबांसाठी लोक दुरून येतात.

२०२५ साली युनेस्कोने लखनौला पाककलेचे सर्जनशील नगर म्हणून गौरविले. गौरव उचितच आहे. पण आता हवे ते खाणे हव्या त्या वेळी घरपोच येऊ लागले आहे. सोय झाली, हे खरे. मात्र खाणाऱ्याने पदार्थाकडे जायचे, पदार्थाने खाणाऱ्याकडे नव्हे, ही त्या आचाऱ्याची अट अशाने मोडते. अट मोडली, की पदार्थाचे नाव राहते आणि चव निघून जाते.

लखनौत कोठे खावे, असे मला कोणी विचारले, तर मी आधी केव्हा ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी सूर्योदयापूर्वीच गोल दरवाजापाशी उभा होतो. परात भरलेली होती.