वानप्रस्थाची उलटी वाट

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ वयाच्या आकड्यावरून ठरवलेली नाही. अंगावरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे तोंड ही तिची खूण. मग पत्नीला मुलांकडे सोपवायचे किंवा सोबत घ्यायचे आणि अरण्याची वाट धरायची. या व्यवस्थेचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे : म्हातारा निघून जाईल, मुलगा घरी राहील.

कोकणात नेमके उलटे घडले. १८५६ मध्ये कावसजी दावरांची गिरणी मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण गिरण्यांच्या भोंग्यामागे गेले. गावी उरले आईवडील, बायका आणि मनीऑर्डरची वाट पाहणे. (या प्रतीक्षेवर आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या झाडांवर फारच थोडे.)

ही झाडे देवराईतली. तिथली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा दंडक; काही हवेच असेल तर गुरवामार्फत देवाला कौल लावायचा. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांना आपली राई तोडली जाऊ नये असे वाटत होते, ते ओढ्याच्या पाण्यासाठी. देवाची भीती आणि पाण्याचा हिशेब तिथे वेगळे नव्हते. राईची किंमत भक्तीत मोजायची की पाण्यात, हा वाद मला म्हणूनच शहरी वाटतो.

कौल समजणारे, हद्द दाखवणारे, कोणत्या झाडाखाली कोणता देव हे सांगणारे मात्र मागे राहिलेले म्हातारेच होते. १९८२च्या संपानंतर काही गिरणी कामगार गावी परतले खरे, पण त्यांची मुले पुन्हा शहराकडेच वळली. गावाबाहेर गेलेल्यांची गावावरची माया आटली असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट अनेक ठिकाणी तीच मायेची वर्गणी सिमेंटच्या देवळाला लागली, आणि पैसा कमी पडला तेव्हा राईतले जुने वृक्ष विकले गेले. कौलारू छपराखालच्या, काही ठिकाणी तर उघड्यावरच्या देवाला शिखर मिळाले, सावली गेली. निर्णय कधी मुंबईच्या मंडळाच्या बैठकीत झाला. कौल नंतर लावला गेला.

मनूच्या म्हाताऱ्याला अरण्य शोधत जावे लागे. या म्हाताऱ्यांच्या तर ते दाराशीच होते, आणि त्याची राखण करायला घरात दुसरे कोणी नव्हते.