प्रमाणपत्राचे निरसन : एका यादीचा इतिहास

संगणकीय प्रमाणपत्रांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच प्रमाणपत्र देण्याच्या क्रियेकडे जाते. स्वाक्षरीचे गणित, किल्ल्यांची लांबी, प्रमाणन संस्थांची उतरंड यांवर विपुल लेखन झाले आहे. एकदा दिलेले प्रमाणपत्र मुदतीपूर्वी मागे घेण्याच्या क्रियेस मात्र बहुधा एखादे उपप्रकरणच लाभते. मराठीत ‘निरसन’ हा शब्द शंकेच्या संदर्भात अधिक रुळलेला आहे; कायद्याच्या मराठीत तो अधिनियम रद्द करण्यासाठीही योजला जातो. प्रस्तुत विषयात त्याचे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण प्रमाणपत्र रद्द झाले आहे की नाही ही शंका दूर करणे हेच येथील मुख्य काम होय.

१९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, तेव्हा या किल्ल्या सर्वांना पाहता येतील अशा एका जाहीर नोंदवहीत ठेवाव्यात असे त्यांनी सुचविले होते. कोणाची किल्ली हवी असल्यास नोंदवहीस विचारावे, अशी ती योजना. परंतु प्रत्येक व्यवहारासाठी एकाच ठिकाणी विचारणा होऊ लागली तर त्या ठिकाणी गर्दी होणार हे उघड होते. १९७८ साली लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या पदवी-प्रबंधात या अडचणीवर तोड काढली. नोंदवहीतील नोंदीवरच अधिकाऱ्याची स्वाक्षरी घेऊन ती ज्याची त्याच्या हाती द्यावी. मग नोंदवहीस विचारण्याचे कारणच उरत नाही. प्रमाणपत्राचा जन्म असा झाला. तो विचारणा टाळण्यासाठी झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवली असता पुढील इतिहासाचा उलगडा होतो. कारण निरसनाचा प्रश्न उपस्थित होताच टाळलेली विचारणा मागील दाराने परत आली.

१९८८ च्या एक्स.५०९ या मानकात रद्द प्रमाणपत्रांच्या यादीस स्थान मिळाले. यादीचे स्वरूप साधे आहे. तिच्यात रद्द केलेल्या प्रमाणपत्रांचे अनुक्रमांक असतात आणि खाली प्रमाणन संस्थेची स्वाक्षरी. इंटरनेटसाठी पुढे ठरलेल्या नियमांप्रमाणे तिच्यावर दोन तारखा घालाव्या लागतात : ही यादी केव्हाची, आणि पुढली केव्हा येणार. या दोन तारखांमधील काळात एखादे प्रमाणपत्र रद्द झाले तरी जुनी यादी बाळगणारा वाचक त्यास वैधच समजतो, आणि नियमांच्या दृष्टीने त्याचे चुकतही नाही.

तथापि यादी आहे एवढ्याने भागत नाही. ती कोठे आहे हेही वाचकास कळावे लागते. २००१ च्या जानेवारीच्या २९ व ३० तारखांना व्हेरिसाइन या अमेरिकन संस्थेने, आपण मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या कोणा व्यक्तीस ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ या नावाची दोन प्रमाणपत्रे दिली. चूक उमगल्यावर ती रद्द झाली आणि यादीत रीतसर नोंदलीही गेली. परंतु व्हेरिसाइनच्या त्या प्रकारच्या प्रमाणपत्रांत यादीचा पत्ताच लिहिलेला नव्हता, त्यामुळे ब्राउझरला ती शोधता येईना. अखेर मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला एक स्वतंत्र दुरुस्ती वाटावी लागली, आणि या दोन प्रमाणपत्रांची नोंद असलेली यादी ग्राहकांच्या संगणकांवर नेऊन ठेवावी लागली.

प्रमाणन सर्व्हरवरील ज्या मांडणीकडे केवळ तांत्रिक तपशील म्हणून पाहिले जाते, तिचे महत्त्व या प्रसंगावरून कळते. विंडोज सर्व्हरवरील प्रमाणन सेवेत यादीचे वितरणस्थान आरंभीच ठरवावे लागते, कारण ते प्रत्येक प्रमाणपत्रात छापले जाते. नंतर पत्ता बदलल्यास तो पुढील प्रमाणपत्रांपुरताच लागू होतो. दिलेली प्रमाणपत्रे मुदत संपेपर्यंत जुनाच पत्ता सांगत राहतात. दुसरा निर्णय अवधीचा. पूर्ण यादी आठवड्यातून एकदा काढावी असे मूळ मूल्य तेथे आहे. २००३ च्या आवृत्तीपासून, पूर्ण यादीनंतरचे बदल तेवढे सांगणारी एक लहान पुरवणी-यादीही काढता येते, आणि तिचा अवधी एक दिवसाचा असतो. अवधी वाढविला तर रद्द प्रमाणपत्र अधिक काळ चालते. कमी केला आणि नवी यादी वेळेवर निघाली नाही, तर जुनी यादी बाद होऊन निर्दोष प्रमाणपत्रेही अडतात. व्यवस्थापक आकडा भरतो तेव्हा असत्य किती दिवस चालू द्यावे हेच तो ठरवीत असतो. हा निर्णय खरे पाहता संस्थेच्या धुरीणांचा. तो खिडकीतील एका चौकटीत उरकला जातो ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

निरसनाची कारणेही यादीत सांकेतिक अंकांनी नोंदविता येतात. त्यांपैकी केवळ ‘तात्पुरती स्थगिती’ हेच असे कारण आहे की ज्यातून प्रमाणपत्र पूर्ववत करता येते. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातही निलंबन व निरसन यांची कलमे वेगळी आहेत, आणि प्रमाणपत्रधारकास म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून निलंबन पंधरा दिवसांपलीकडे नेता येत नाही. यंत्राच्या यादीत अशा सुनावणीस जागा नाही.

यादीच्या विलंबावर उपाय म्हणून १९९९ साली प्रत्यक्ष विचारणेची पद्धती मान्य झाली. प्रमाणपत्राचा अनुक्रमांक पाठवावा आणि ‘ठीक’, ‘रद्द’ किंवा ‘अज्ञात’ यांपैकी एक उत्तर घ्यावे. यांतील ‘ठीक’ हा शब्द फसवा ठरला. त्याचा किमान अर्थ ‘रद्द नाही’ एवढाच होता. असे प्रमाणपत्र कधी दिले गेले होते की नाही, याची ग्वाही त्यात नव्हती. २०११ साली नेदरलंड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन ५३१ बनावट प्रमाणपत्रे निघाली. त्यांपैकी गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र प्रामुख्याने इराणमधील लोकांविरुद्ध वापरले गेले. विचारणांच्या नोंदींत सुमारे ३,००,००० निरनिराळे संगणकीय पत्ते आढळले, आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक इराणचे होते. संस्थेच्या दप्तरी नोंद नसलेले अनुक्रमांकही चौकशीत निघाले. जे दिल्याचे ठाऊकच नाही ते रद्द तरी कसे करणार? अशा क्रमांकांनाही ‘ठीक’ हेच उत्तर मिळत होते. १ सप्टेंबर रोजी उत्तराची रीत उलटविण्यात आली : दप्तरी असेल तेच ठीक, अन्य सारे नाही. त्याच महिन्यात संस्थेचे दिवाळे निघाले. २०१३ साली मानकातही सुधारणा झाली, आणि कधीच न दिलेल्या प्रमाणपत्रास ‘रद्द’ असे उत्तर देण्याची मुभा मिळाली.

दरम्यान विचारणेस उत्तर न आल्यास बहुतेक ब्राउझर गप्प राहून पुढे जात, त्यामुळे हल्लेखोराने उत्तर अडविले की काम भागे. २०१२ साली क्रोमने ही विचारणा सामान्यतः सोडून निवडक रद्द प्रमाणपत्रांची यादी स्वतःच पुरविण्याचा मार्ग धरला. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये विचारणेची सेवा बंद केली आणि केवळ यादी ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणन संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या मंडळाने सार्वजनिक संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचे ठरविले. कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यांतील प्रमाणन सर्व्हरांना हा ठराव लागू नाही. तेथील प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे चालू शकतात, आणि त्यांच्या यादीचा अवधी तेथील व्यवस्थापकच ठरवितो.