नववी चिप : गोठणाऱ्या संगणकाच्या हरवलेल्या साक्षीदाराची हकीगत

चालता चालता संगणक गोठतो. माऊस हलत नाही, कळफलक दाद देत नाही. बंद करून पुन्हा सुरू केला की तासभर निमूट चालतो आणि पुन्हा तसाच थिजतो. दुरुस्ती करणारा येतो, झाकण उघडतो, रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतो आणि ती जागच्या जागी बसवतो. पुष्कळदा एवढ्याने काम भागतेही. नेमके काय बिघडले होते, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. हे अज्ञान यंत्राच्या स्वभावातच आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नाही. एका विशिष्ट काळात, रोख हिशेब करून, हे अज्ञान पत्करले गेले. त्या व्यवहाराचा हा इतिहास. 🧵

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला. त्याच्या मदरबोर्डवर मेमरीच्या चिपा ओळीने बसवलेल्या असत. एका ओळीत नऊ. एक बाइट म्हणजे आठ बिट, मग नववी चिप कशाला? तर ती पहारेकरी होती. बाइट लिहिताना त्यात १ हा अंक किती वेळा आला, सम की विषम, याची नोंद नवव्या बिटात होई. वाचताना ती नोंद पुन्हा ताडून पाहिली जाई. या पद्धतीला पॅरिटी म्हणतात.

नोंद जुळली नाही, तर यंत्र जागीच थांबे आणि पडद्यावर ‘पॅरिटी चेक १’ किंवा ‘पॅरिटी चेक २’ अशी अक्षरे उमटत. पहिल्याचा अर्थ दोष मदरबोर्डवर, दुसऱ्याचा अर्थ जोडपट्टीवरच्या मेमरीत. यंत्र सुरू होतानाच्या तपासणीत दोष सापडला, तर ‘२०१’ हा संकेतांक येई आणि त्याच्याआधी काही आकडे. त्या आकड्यांवरून कोणत्या ओळीतली कोणती चिप बिघडली हे तक्त्यात पाहून काढता येई. आकडा ‘००’ असेल, तर दोषी खुद्द पहारेकरीच! मग तेवढी एक चिप विकत आणायची आणि, ती खोबणीत बसणारी असेल तर, बदलायची. निदान आणि उपचार, दोन्ही एका कागदी तक्त्यावर.

या पहाऱ्यामागे तीन दशकांचा अनुभव होता. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हा गणिती रिले-यंत्रावर काम करत असे. शनिवार-रविवारी यंत्रापाशी कोणी नसे. चूक आढळली की यंत्र ते काम टाकून पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन पाहावे, तर आपले गणित अर्धवट पडलेले. असे लागोपाठ घडल्यावर हॅमिंग चिडला. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याने १९५० मध्ये प्रसिद्ध केले. पडताळणीचे बिट एकावर एक येणाऱ्या गटांत वाटले, तर चूक पकडता येते, शिवाय तिची जागा ओळखून ती दुरुस्तही करता येते. आजच्या ‘ईसीसी’ मेमरीचे मूळ या वैतागात आहे.

सर्वांनाच हे पटले होते, असे नाही. महासंगणकांचा शिल्पकार सेमूर क्रे याने आपल्या सीडीसी ६६०० या यंत्राच्या मुख्य मेमरीत पॅरिटी ठेवली नव्हती. पॅरिटी शेतकऱ्यांसाठी असते, असे तो म्हणाल्याचे सांगतात. (अमेरिकेत शेतमालाच्या हमीभावाच्या चर्चेतही हाच शब्द वापरला जाई, त्यावरची ही कोटी.) पुढे १९७६ मध्ये त्याचे पहिले क्रे-१ यंत्र लॉस अलामोसला चाचणीसाठी बसवले गेले. सहा महिन्यांत मेमरीच्या १५२ पॅरिटी-चुका नोंदल्या गेल्या. त्यानंतरच्या यंत्रांत चूक-दुरुस्तीची सोय आली. कोटीपेक्षा आकडा प्रभावी ठरला.

पण या चुका होतात कशामुळे? चिप तपासावी तर ती ठणठणीत. तीच चिप पुन्हा वापरली तर चूक दुसरीकडेच. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी याचे उत्तर मांडले. डायनॅमिक मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रात साठवलेला विद्युतभार. चिप ज्या सिरॅमिक आवरणात बंद करत, त्या मातीतच युरेनियम आणि थोरियमचे अंश होते. त्यांतून निघालेला एखादा अल्फा कण सिलिकॉनमध्ये शिरला की वाटेत इतका भार मोकळा करी, की साठवलेला बिट पुसला जाई. चिपला इजा काहीच नाही. फक्त तिच्या स्मरणातली एक गोष्ट बदललेली. आवरणे बनवणारा कारखाना अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रीन नदीच्या काठी होता आणि वरच्या अंगाला जुन्या युरेनियम खाणीचा गाळ पडलेला होता, अशी हकीगत आयबीएमच्या जेम्स झीगलर यांनी पुढे नोंदवली. १९७९ मध्ये झीगलर आणि विल्यम लॅनफर्ड यांनी दाखवून दिले, की वैश्विक किरणांमुळेही मेमरीत अशीच उलथापालथ होऊ शकते.

झीगलरांनीच नोंदवलेली १९८७ ची कथा तर गुप्तहेरकथेला लाजवील. आयबीएमच्या अमेरिकेत बनलेल्या मेमरीत चुका वाढल्या. त्याच पद्धतीने युरोपात बनलेल्या मेमरीत मात्र नाहीत. शोध घेत घेत मंडळी नायट्रिक आम्लाच्या बाटल्यांपर्यंत पोहोचली. आम्ल पुरवणाऱ्याकडे बाटल्या धुण्याचे एक यंत्र होते. धूळ चिकटू नये म्हणून त्यात हवेचा झोत पोलोनियम-२१० वापरून आयनित केला जाई. तो भाग गळका होता. पोलोनियम बाटलीत, बाटलीतून आम्लात, आम्लातून चिपमध्ये. हा माग काढता आला, याचे कारण चुका मोजल्या जात होत्या. मोजदाद नसती, तर दोष ‘यंत्र कधी कधी अडते’ या वाक्यात कायमचा गडप झाला असता.

आता त्या व्यवहाराकडे. नवव्या चिपेचा खर्च आठांच्या तुलनेत एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के. ॲपलचा मॅकिन्टॉश १९८४ पासूनच आठ बिटांवर समाधानी होता. पीसीच्या बाजारात स्पर्धा तीव्र झाली, मेमरी मेगाबाइटांत मोजली जाऊ लागली, तसा तो अष्टमांश डोळ्यांत खुपू लागला. त्यातच ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या आवरणासाठी लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातला मोठा वाटा तिथून येई. मेमरीचे भाव भडकले.

याच काळात बाजारात एक विलक्षण वस्तू आली : खोटी पॅरिटी. पट्टीवर चिपा नऊच दिसत, पण नववी चिप काही साठवतच नसे. वाचनाच्या क्षणी समोर आलेल्या आठ बिटांवरून ती सम-विषम हिशेब करी आणि जुळणारे उत्तर देई. बाइट बिघडलेला असला, तरी तिची साक्ष ‘सर्व ठीक’ अशीच. पॅरिटीचा आग्रह धरणाऱ्या यंत्राला फसवण्यापुरतीच तिची योजना होती. पहारेकरी काढून टाकणे समजू शकते. त्याच्या जागी मान डोलावणारे बुजगावणे उभे करणे, हा या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग होय.

१९९५ मध्ये इंटेलच्या लोकप्रिय ४३०एफएक्स चिपसंचाने पॅरिटी तपासणेच सोडून दिले. बुजगावण्याचीही गरज उरली नाही. घरगुती संगणकात ‘पॅरिटी चेक’ दिसेनासे झाले, ते चुका थांबल्या म्हणून नव्हे.

पुढचे निदान म्हणजे चाचपणी. ‘मेमटेस्ट८६’ हा ख्रिस ब्रेडी याचा १९९४ चा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतो. कारण सिस्टिमने व्यापलेली मेमरी तिच्याच आतून तपासता येत नाही. तो मेमरीत ठरावीक आकृतिबंध लिहून वाचून पाहतो. एका फेरीत दोष दिसला नाही, तर रात्रभर चालवावा लागतो. कधीमधी होणारी चूक हुकमी वेळेला येत नसते. दोष दिसल्यावरही पट्ट्या एकेक करून, एकाच खाचेत आलटून पालटून तपासाव्या लागतात. नाही तर बिघडलेल्या खाचेपायी चांगली पट्टी फेकली जाते. आणि गोठण्याचे मूळ वीजपुरवठ्यात किंवा फुगलेल्या कपॅसिटरात असेल, तर नवी रॅम घेऊन उपयोग शून्य.

खोडरबराचाही इतिहास याच दशकातला म्हणता येईल. तेव्हा काही पट्ट्यांचे दात कथलाचा मुलामा दिलेले, तर काहींचे सोन्याचे. कथलाच्या खाचेत सोन्याची पट्टी बसवली, की सूक्ष्म घर्षणाने कथलाचे ऑक्साइड साचून संपर्क तुटक होई. पट्टी उपसून पुन्हा बसवली, की थर खरवडला जाऊन यंत्र चालू. आजचे दात आणि खाचा दोन्हीकडे सोने असते; रबराने मळ निघतो, पण फार घासल्यास तो पातळ मुलामाही जातो.

दरम्यान, चुका किती होतात हे मोठ्या प्रमाणावर मोजले गेले ते २००९ मध्ये. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गूगलमधील सहकाऱ्यांसह तेथील सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्या यंत्रांत ईसीसी होते, म्हणूनच नोंदी होत्या. दरवर्षी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत किमान एक दुरुस्त झालेली चूक आढळली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता कितीतरी पटींनी अधिक होती. म्हणजे दोष आकाशातून येणाऱ्या कणांपेक्षा पट्टीतच असण्याचा संभव जास्त. मेमरी बदलावी की नाही, या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर आधी मिळाले नव्हते.

गोठणारा संगणक निदान आपले आजारपण दाखवतो. न गोठता चुकणारा जास्त घातक. १८ मे २००३ च्या बेल्जियमच्या निवडणुकीत स्कारबेक येथे एका उमेदवाराला ४०९६ मते जादा मिळाली. तिची मते शक्य त्या मर्यादेपेक्षा अधिक भरली, म्हणून फेरमोजणी झाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट शून्याचा एक झाला, की नेमका एवढाच फरक पडतो. यंत्रात दोष सापडला नाही. कारण म्हणून वैश्विक किरणांचे नाव घेतले गेले, ते सिद्ध झालेले नाही. बिट खालच्या स्थानावरचा असता आणि जादा मते चारच असती, तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

२०२० मध्ये ठरलेल्या डीडीआर५ या प्रमाणात प्रत्येक चिपच्या पोटात चूक-दुरुस्ती आहे. दुकानात ती कधी कधी ‘ईसीसी आहेच’ म्हणून खपवली जाते. पण ती दुरुस्ती चिपच्या आतच होते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिला दिसत नाही. खऱ्या ईसीसीसाठी पट्टीवर जादा चिपा लागतात, शिवाय प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांचीही मान्यता लागते. विकत घेताना चिपा मोजून पाहाव्यात : डीडीआर४ च्या साध्या एकेरी पट्टीवर आठ असतात, ईसीसीच्या पट्टीवर नऊ.