टॅव्हर्न (वसाहतकालीन अमेरिका)

उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत सतराव्या-अठराव्या शतकांत सरकारी परवान्यावर चालणारे मद्यपानाचे, जेवणाचे व मुक्कामाचे ठिकाण. सुरुवातीच्या काळात त्याला ‘ऑर्डिनरी’ म्हणत. व्हर्जिनिया-मेरीलँडकडे हे नाव पुढेही बराच काळ टिकले. धर्मशाळा, खानावळ आणि चावडी एका छपराखाली आणली, तर टॅव्हर्नच्या कामाची बरीचशी कल्पना येते. फक्त इथे प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागत आणि धंद्याचा खरा आधार दारूच होती.

बॉस्टनमध्ये सॅम्युएल कोल याने 1634 मध्ये काढलेले टॅव्हर्न त्या शहरातले पहिले मानले जाते. मॅसॅच्युसेट्स ही कर्मठ प्युरिटन पंथीयांची वसाहत. इन्क्रीज मॅदरसारखा धर्मोपदेशक दारुड्यांना नरकाची भीती घालणारी प्रवचने 1673 मध्ये छापून काढत होता. पण याच वसाहतीच्या विधिमंडळाने 1656 मध्ये असा कायदा केला होता, की जे गाव आपल्याकडे टॅव्हर्न चालवणार नाही त्याला दंड होईल. यात दिसते तेवढी विसंगती नाही. रस्ते वाईट, अंतरे लांब आणि हिवाळा कडक. वाटसरूला अंथरूण आणि घोड्याला तबेला व दाणावैरण मिळाली नाही, तर ना व्यापार चालला असता ना कारभार. परदेशाहून आलेली पत्रे ठेवण्यासाठी 1639 मध्ये बॉस्टनमधील रिचर्ड फेअरबँक्सचे घर नेमून देण्यात आले. तेथे दारूही विकली जाई. वसाहतींतील टपालव्यवस्थेची सुरुवात तिथून धरतात. जिथे न्यायालयाला स्वतंत्र इमारत नव्हती, तिथे खटले टॅव्हर्नमध्येच चालत. इमारत झाल्यावरही टॅव्हर्न तिच्या समोरच उभे राही. व्हर्जिनियातील हॅनोव्हर येथे न्यायालयासमोरचे टॅव्हर्न पुढे वकील व वक्ता म्हणून गाजलेल्या पॅट्रिक हेन्रीच्या सासऱ्याचे होते. तरुण हेन्री तिथे राहून कामाला हातभार लावत असे आणि पुढे समोरच्याच न्यायालयात 1763 मध्ये पाद्र्यांच्या वेतनाच्या खटल्यातील भाषणाने त्याचे नाव झाले. वकिली आणि वक्तृत्वाचे त्याचे निम्मे शिक्षण गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून झाले असावे, असे मानायला हरकत नाही.

परवाना स्थानिक न्यायालय देई आणि बऱ्याच ठिकाणी जेवण, बिछाना, चारा व दारू यांचे दरही तेच ठरवून देई. बिछान्याचा दर म्हणजे बहुधा बिछान्यातल्या जागेचा दर. अनोळखी माणसाशेजारी झोपणे हा नित्याचा अनुभव होता. बॉस्टनहून न्यूयॉर्कला 1704-05 च्या हिवाळ्यात घोड्यावरून गेलेल्या सेरा केंबल नाइट या बाईंनी आपल्या रोजनिशीत वाटेवरच्या अशा मुक्कामांची चांगलीच खिल्ली उडवली आहे. परवाने विधवांना देण्याची पद्धतही रूढ होती. कर्ता पुरुष गेल्यावर त्या घराचा भार गावाच्या धर्मादाय निधीवर पडू नये, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे स्त्रियांना उघडपणे मालकीने करता येणाऱ्या मोजक्या धंद्यांत हा एक होता. व्हर्जिनियाची राजधानी विल्यम्सबर्ग येथील क्रिस्टियाना कॅम्बेल आणि जेन व्होब यांच्या टॅव्हर्नमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचे येणेजाणे असे.

पिण्यात सफरचंदाची सायडर, बिअर, मदिरा बेटावरची वाइन आणि सर्वांत महत्त्वाची रम. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या उसाच्या मळीपासून न्यू इंग्लंडच्या भट्ट्यांत रम गाळली जाई. म्हणूनच मळीवरील 1733 चा कर आणि तो निम्म्यावर आणून कडक वसुली सुरू करणारा 1764 चा शुगर अ‍ॅक्ट या गोष्टी थेट पेल्यापर्यंत पोचल्या. ‘फ्लिप’ हे पेय बिअर, रम आणि साखर किंवा काकवी एकत्र करून त्यात तापून लाल झालेली लोखंडी सळई बुडवून करत. मोठ्या वाडग्यातून हातोहात फिरणारा ‘पंच’ मात्र आपल्या किनाऱ्यावरून गेलेला: ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी व वखारवाल्यांनी सतराव्या शतकात तो हिंदुस्थानात उचलला, असे सामान्यतः मानतात. त्या काळच्या इंग्रज पंचवाल्यांत गोव्याच्या माडाच्या अर्काला मान होता. अमेरिकेत त्याची जागा स्वस्त रमने घेतली.

वर्तमानपत्रे थोडी आणि महाग; ती टॅव्हर्नमध्ये ठेवलेली असत आणि मोठ्याने वाचली जात, त्यामुळे निरक्षरालाही बातमी कळे. अ‍ॅनापोलिसचा डॉक्टर अलेक्झांडर हॅमिल्टन (अर्थमंत्री हॅमिल्टन वेगळा) 1744 मध्ये फिलाडेल्फियातील एका टॅव्हर्नमध्ये जेवला, तेव्हा एकाच टेबलाभोवती इंग्रज, स्कॉट, डच, जर्मन, आयरिश आणि कॅथलिकांपासून क्वेकरांपर्यंत नाना पंथांचे लोक बसलेले त्याने पाहिले. हे दृश्य लोकशाहीची रंगीत तालीम म्हणून नेहमी पुढे केले जाते. ते अर्धेच चित्र आहे.

बहुतेक वसाहतींत गुलामांना, करारबद्ध नोकरांना, शिकाऊ मुलांना आणि मूळ रहिवाशांना दारू देण्यावर कायद्याने बंधने होती. ही बंधने मोडणारी टॅव्हर्नही होती आणि सत्तेला खरी धास्ती त्यांची वाटे. न्यूयॉर्कमधील जॉन ह्यूसनच्या टॅव्हर्नमध्ये गुलाम आणि गरीब गोरे एकत्र पीत, खात, नाचत; चोरीचा मालही तिथे खपे. 1741 च्या वसंतात शहरात एकामागून एक आगी लागल्या. ह्यूसनकडची सोळा वर्षांची करारबद्ध मोलकरीण मेरी बर्टन हिने साक्ष दिली, की शहर जाळून गोऱ्यांना मारण्याचा कट याच घरात रचला गेला. न्यायाधीश डॅनियल हॉर्समंडेन याने तिच्या शब्दावर खटले रेटले. 13 कृष्णवर्णीयांना जिवंत जाळण्यात आले, 17 जणांना फाशी झाली. ह्यूसन, त्याची बायको आणि आणखी दोन गोरेही फासावर गेले. सत्तरहून अधिक लोकांना वसाहतीबाहेर पाठवण्यात आले. कट खरोखर होता का, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. काळे आणि गोरे एका टेबलावर बसतात, एवढी गोष्टही त्या न्यायालयाला कटासारखीच दिसत होती, हे मात्र खटल्याच्या छापील वृत्तांतातून स्पष्ट दिसते. फिलाडेल्फियात विल्यम ब्रॅडफर्डने 1754 मध्ये काढलेल्या लंडन कॉफी हाउससमोर तर माणसांचे लिलाव होत.

निवडणुकीत मतदारांना पाजणे कायद्याला नामंजूर, पण रिवाजाला मान्य होते. व्हर्जिनियातील फ्रेडरिक परगण्यात 1758 मध्ये वॉशिंग्टन निवडून आला, तेव्हा त्याच्या वतीने सुमारे 160 गॅलन दारू वाटली गेली होती. मतदार चारशेही नव्हते. जॉन अ‍ॅडम्सला या प्रकाराचा तिटकारा होता. टॅव्हर्नमध्ये लोकप्रतिनिधी घडतात, अशी त्याची तक्रार होती आणि 1761 मध्ये ब्रेनट्री या आपल्या गावातील परवाने कमी करण्यासाठी त्याने खटपटही केली. हाच अ‍ॅडम्स 1774 मध्ये फिलाडेल्फियाच्या सिटी टॅव्हर्नमध्ये शिरला आणि अमेरिकेतले सर्वांत सभ्य टॅव्हर्न म्हणून त्याची तारीफ करून मोकळा झाला.

तोवर काळ बदलला होता; ब्रिटिश सत्तेशी वसाहतींचा संघर्ष पेटला होता. गव्हर्नरला विधिमंडळ बरखास्त करता येई. सदस्यांना चार पावलांवरच्या टॅव्हर्नमध्ये बसण्यापासून रोखता येत नसे. विल्यम्सबर्गमध्ये मे 1769 मध्ये गव्हर्नर लॉर्ड बॉटेटॉर्टने सभा विसर्जित केली. सदस्य उठून रॅले टॅव्हर्नमध्ये गेले आणि त्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार केला. मे 1774 मध्ये नवा गव्हर्नर डनमोर याने तेच केले, सदस्यही पुन्हा तिथेच जमले आणि सर्व वसाहतींच्या परिषदेची हाक या बैठकीतून निघाली. ती परिषद भरली, तेव्हा 5 सप्टेंबरला प्रतिनिधी आधी सिटी टॅव्हर्नमध्ये गोळा झाले आणि तेथून कार्पेंटर्स हॉलकडे चालत गेले. ऱ्होड आयलंडमध्ये ‘गॅस्पी’ हे जकातीवर नजर ठेवणारे जहाज जाळण्याचा बेत जून 1772 मध्ये प्रॉव्हिडन्सच्या सेबिन टॅव्हर्नमध्ये ठरला. लेक्सिंग्टनचे नागरी सैनिक 19 एप्रिल 1775 च्या पहाटे बकमन टॅव्हर्नमध्ये ब्रिटिश पलटणीची वाट पाहत होते. बॉस्टनच्या ग्रीन ड्रॅगनला क्रांतीचे मुख्यालय म्हणण्याची प्रथा आहे; क्रांतिकारक पॉल रिव्हिअरच्या फ्रीमेसन मंडळाची ती इमारत, आणि गुप्त बैठका तिथे होत, हे खरे. पण 16 डिसेंबर 1773 रोजी ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहाच्या पेट्या समुद्रात पडण्यापूर्वी हजारोंची सभा भरली ती ओल्ड साउथ प्रार्थनागृहात. टॅव्हर्नवर प्रेम करणारे लेखक हे सोयीस्करपणे विसरतात.

स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर वॉशिंग्टनने 4 डिसेंबर 1783 रोजी न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सिस टॅव्हर्नमध्ये आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र, युद्ध व अर्थ या खात्यांच्या कचेऱ्याही काही काळ याच इमारतीत होत्या. पुढे न्यायालये, टपाल, बाजार आणि सभा यांना आपापल्या इमारती मिळाल्या. बॉस्टनच्या 1829 मधील ट्रेमाँट हाउससारख्या मोठ्या हॉटेलांनी मुक्कामी लोक नेले आणि मद्यपानबंदीच्या चळवळीने प्रतिष्ठा नेली. आज दाखवली जाणारी बरीच टॅव्हर्न नव्याने बांधलेली आहेत. रॅले 1859 मध्ये जळाले व 1932 मध्ये पुन्हा उभारले गेले. सिटी टॅव्हर्न 1854 मध्ये पाडले गेले आणि 1970 च्या दशकात पुन्हा बांधले गेले. फ्रॉन्सिसचे 1907 मधले रूप बरेचसे अंदाजाने घडवलेले आहे. लेक्सिंग्टनचे बकमन मात्र मूळ इमारतीतच उभे आहे.