मायदेशातील नऊ महिने

'मिशनरी' हा शब्द उच्चारताच आम्हां मराठी कॅथलिकांना घर कायमचे सोडून आलेला माणूस आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, 'ख्रिस्तपुराण' रचून १६१९ साली येथेच विसावले; इंग्लंडचा किनारा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. प्रॉटेस्टंट पंथांचे मिशनरी मात्र कुटुंबासह येत, आणि त्यांच्यापैकी काहींना मायदेशाचे पुनर्दर्शन घडे. अशा एका दर्शनाची कथा आपणही जाणून घेण्याजोगी आहे.

फेब्रुवारी १८१२ मध्ये अडोनिराम जडसन अमेरिकेतून पूर्वेकडे निघाले. त्यांच्याच जहाजावर सॅम्युएल न्यूएल होते, जे पुढे मुंबईत कार्य करून १८२१ साली येथेच निवर्तले. जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले. तुरुंगवास आणि पहिली पत्नी अ‍ॅन हिचा मृत्यू सोसून त्यांनी ब्रह्मी भाषेत संपूर्ण बायबल आणले. तेहतीस वर्षांत त्यांनी मायभूमी पाहिली नव्हती.

१८४५ साली दुसरी पत्नी सारा खंगत चालली, म्हणून तिला वाचविण्यासाठी ते निघाले. तीन मोठी मुले बरोबर घेतली, तीन तान्ही लेकरे मौलमेनला ठेवली. पहिल्या पतीपासून झालेल्या मुलाला साराने सहा वर्षांचा असताना शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले होते. त्याची भेट तिच्या नशिबी नव्हती. १ सप्टेंबर रोजी सेंट हेलेना बेटाजवळ जहाजावर तिने प्राण सोडला आणि त्याच बेटावर तिला मूठमाती मिळाली. मागे राहिलेल्यांपैकी चिमुकला चार्ल्स तर आईच्या आधीच गेला होता; पित्याला त्याची वार्ताही नव्हती.

१५ ऑक्टोबरला बॉस्टनला उतरलेल्या या शोकाकुल कुटुंबाला देशाने काय दिले? थाटमाट नव्हे, तर साधीच सुखे. अनोळखी घरांची दारे उघडली. प्लिमथला बहीण अजून होती. आईवडील मात्र दोघेही निघून गेले होते. जडसन यांचा आवाज आजाराने इतका क्षीण झाला होता की, सभेत ते कुजबुजत आणि दुसरा कोणी त्यांची वाक्ये मोठ्याने सांगे. पहिल्याच स्वागतसभेत गर्दीतून वाट काढीत एक गृहस्थ पुढे आले व त्यांना बिलगले. ते सॅम्युएल नॉट होते! १८१२ साली हिंदुस्थानास निघालेल्या त्या पहिल्या तुकडीतील हे सोबती, मुंबईत कार्य करून १८१५ मध्ये आजारपणामुळे परतलेले. तीन दशकांनंतर घडलेल्या या आलिंगनात मुंबईचाही अंश होता, असे आम्हांस वाटते.

लोकांना ब्रह्मदेशातील चित्तथरारक किस्से हवे होते; जडसन मात्र ख्रिस्ताच्या प्रेमाविषयीच बोलत. तेवढ्यासाठीच आपण गेलो होतो, हे त्यांच्या लेखी पुरेसे होते.

जून १८४६ मध्ये एमिली चबक हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ११ जुलैला दोघे परत निघाले. बरोबर आणलेली तिन्ही मुले शिक्षणासाठी मागे राहिली. १८५० साली जडसन समुद्रावर निधन पावले. त्या मुलांना पिता पुन्हा दिसला नाही.

पंथभेद बाजूला ठेवून या नऊ महिन्यांकडे पाहिले, तर एक गोष्ट उमगते. बहिणीची भेट, मित्राची मिठी, मातृभाषेचे बोल या गोष्टी आपल्या घरी रोजच्याच, म्हणून आपण त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायला विसरतो. ज्यांनी त्या सोडल्या, त्यांनाच त्यांचे मोल ठाऊक होते. आणि ते ठाऊक असूनही त्यांनी त्या दुसऱ्यांदा सोडल्या.