एका शब्दाची ठुमरी

मुन्शी घाट बांधला नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी. मी नागपूरचा, म्हणून काशीत पहिली बैठक इथेच. पायरीवर बसून बनारसच्या रसूलनबाईंची ‘फूलगेंदवा’ ही ठुमरी ऐकतो, पाठोपाठ दोनदा. १९३५च्या तबकडीत त्या ‘जोबनवा’ म्हणतात. पुढच्या ध्वनिमुद्रणात तिथेच ‘करेजवा’ येतं. भैरवी तीच, पण यौवन गेलं नि काळीज आलं! रसूलनबाईंसारख्या तवायफांचं गाणं सोवळं करून घेण्याचा तो काळ होता. मला जुना शब्दच खरा वाटतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, त्यात सुईची खरखर. तेवढ्यातच त्या जुन्या शब्दाचा पुरावा टिकला. घरातल्या जुन्या तबकड्या भंगारात घालू नका, आधी ऐका.