साथीच्या आलेखाचं आजोळ

करोनाच्या काळात रोज बातम्यांत दिसायचा तो चढून उतरणारा आलेख. त्यामागचं गणित १९२७ साली एडिंबरात मांडलं गेलं. मात्र ते ताडून पाहायला जे आकडे घेतले, ते मुंबईतल्या प्लेगचे होते.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग झडत्या आल्या, सक्तीचं विलगीकरण आलं आणि लोक रोगी दडवू लागले. पुण्यात तर १८९७ साली हे प्रकरण प्लेगबंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्या खुनापर्यंत गेलं. रोगी माळ्यावर लपवता येतो, प्रेत लपवणं त्याहून कितीतरी अवघड. म्हणून साथ मोजायची तर मृत्यू मोजा, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. प्लेगचे ८० ते ९० टक्के नोंदलेले रोगी दगावतच असल्यामुळे हिशेबही फार चुकत नसे.

मृत्यूंचे हे आठवडावारी आकडे हाती पडले ते एका विलक्षण जोडगोळीच्या. अँडरसन मॅकेंड्रिक हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. दोघांनी लोकांचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिला गट एका मर्यादेखाली घटला की साथ ओसरते, त्यासाठी गावातला प्रत्येक माणूस आजारी पडावा लागत नाही, हा त्यांचा मोठा निष्कर्ष.

त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे मृत्यू घेतले. सूत्रातून काढलेली रेषा शिखरावर आठवड्याला ८९० मृत्यू दाखवते, आणि ती खऱ्या आकड्यांना अगदी लगटून जाते.

इथंच गंमत आहे. प्लेग उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसात येणारा. सूत्रात मात्र उंदीरही नाही आणि पिसूही नाही. उंदरांतल्या साथीचं प्रतिबिंब माणसांत पडतं, असं गृहीत धरल्याचं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ऋतूंचा हिशेबही त्यात नव्हता. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं हिवाळ्यात डोकं वर काढी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरे. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवून दिलं की, साथीचा हा उतार समजायचा तर ऋतूच धरायला हवेत.